किसनचं ताट

किसन गेल्याचा निरोप आला तेव्हा दूध संस्थेत सकाळचं संकलन चालू होतं. मी हातातलं माप खाली ठेवलं आणि तसाच त्याच्या घरी निघालो. महिना होत आला, तरी टँकरचा हॉर्न वाजला की तोंडात त्याचंच नाव येतं...

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही दोघांनी तेरजवळच्या रस्त्यावर खडी फोडली. पुढं गावात सहकारी दूध संस्था निघाली, मी तिचा सचिव झालो आणि तो टँकरवर ड्रायव्हर. मोठा टवाळ माणूस. मला मुद्दाम 'सायब' म्हणायचा. तीनेक वर्षांपूर्वी तो एकाएकी गप्प झाला. एका दुपारी त्याची बायको शेवंता संस्थेत आली. "भावजी, ह्ये मला आपलं ताट देत न्हाईत. जेवले की सोताच घासून ठिवत्यात. जवळ बी येत न्हाईत. दुसरी कोन हाय का?" आमच्याकडं नवऱ्याच्या उष्ट्या ताटात बायको जेवते, ते ताट काढून घेणं म्हणजे तिला टाकणंच.

मी किसनला गाठलं. पुण्यात त्याचं रक्त तपासलं होतं, एड्सचे जंतू निघाले होते. मुंबईच्या वाटेवर कुठं थांबला, ते त्यानं एकदाच सांगितलं. "उष्ट्यातून तिला लागंल म्हून भ्यालो. अन् जवळ जावं म्हनलं तरी... अंगच साथ देत न्हाय. म्या मर्द ऱ्हायलो न्हाय, सायब." मीही असा शहाणा, की त्याला सोनारीच्या जत्रेतल्या तंबूवाल्या वैद्याकडं नेलं! महिनाभर चूर्ण खाऊन जुलाब तेवढे झाले. त्याची मला अजून लाज वाटते.

शेवटी सोलापूरच्या एका डॉक्टरांनी समजावलं. या आजारात पुष्कळ पुरुषांचं असं होतं, आजारानं आणि भीतीनंही. त्यात मर्दपण जात नाही. उष्ट्यानं लागण होत नाही. निरोध वापरा, बायकोचं रक्त तपासा, पण आधी तिला सांगा.

त्यानं सांगितलं तेव्हा मला ओट्यावर बसवून ठेवलं होतं. आत शेवंता रडली, त्याला नाही नाही ते बोलली. मग भांडी वाजली आणि तिचा आवाज आला, "ताट घासू नका. इकडं द्या."

तिच्या रक्तात काही निघालं नाही. किसन पुन्हा टवाळी करू लागला. एकदा आपणहून म्हणाला, "अंगाचं काय, कधी हाय, कधी न्हाय. पन हात धरून निजतो आमी." मला फार बरं वाटलं.

परवा गेलो तर शेवंता जेवायला बसत होती. समोर किसनचं नाव कोरलेलं तेच ताट. भाकरी मोडता मोडता ती म्हणाली,

"आता रोज घासलेल्या ताटात जेवावं लागतंय, भावजी."