पुठ्ठ्याच्या गुहेतला हिवाळा

नातीच्या चित्रपुस्तकातलं अस्वल हिवाळाभर गुहेत झोपतं. म्हणून आज मी अस्वल, आणि फ्रिजचं खोकं माझी गुहा. गुडघे कानांना टेकवून बसलोय. एवढ्या वेळात बाहेर दोन-तीन साम्राज्यं सहज बुडाली असतील.

“येऊ का गं बाहेर, राणी?”

“आजोबा, अस्वलं बोलत नाहीत! फुलं आली की यायचं.”

फटीतून पाहिलं. जिभेचं टोक बाहेर काढून ती पतंगाच्या कागदाची एकेक पाकळी कातरत होती, डिंक लावून फुंकर घालत होती. वसंत आपोआप येतो, असं मी जन्मभर समजत होतो. कुणीतरी तो मांडी घालून करत असतं, हे गुहेत अडकल्याशिवाय कळत नाही.

तिने एक फूल भिंतीला चिकटवलं.

“आलं, आलं!” मी ओरडलो.

“एकच आलंय. पुस्तकात अख्खा डोंगर भरलाय,” म्हणत तिने नवा कागद घेतला.