नेझाहतताईंचा बॉयलर आणि बंद खोल्या

नेझाहतताई माझ्या समोरच्याच दारात राहतात, नवरा गेल्यापासून एकट्या. त्यांच्या हट्टाबद्दल मला कोणी सांगायला नको, मी तो जन्मभर भोगते आहे.

यंदा आमच्या एस्कीशेहिर शहरात अशी थंडी पडली की बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल पापडासारखे कडक झाले. नेमका तेव्हाच ताईंचा बॉयलर रुसला. नळाचं पाणी आणि घर, दोन्ही तापवणारा हा गॅसवरचा एकच डबा. पेटायचा नि लगेच विझायचा. इझमीरहून मुलाचा, तुर्गायचा फोन आला, "आई, पुरे झालं. घर विक आणि इकडे ये."

हे तो वर्षभर म्हणत होता, पण आता त्याच्या हाती कारण आलं. बॉयलर चालला नाही तर ताईंना घर सोडावं लागणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं.

मेकॅनिक वेदात आला, झाकण काढून डोकावला आणि म्हणाला, "मावशी, आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय." नव्या बोर्डाचा आकडा ऐकून मीच खुर्ची ओढून बसले. दोन महिन्यांची पेन्शन गेली असती.

"ताई, बांगडी मोडा," मी म्हटलं. हातात सोन्याची एवढी एकच उरली होती. बाकीच्या तुर्गायच्या लग्नात आणि नवऱ्याच्या दुखण्यात गेल्या. आमच्याकडे बांगड्या असतातच त्यासाठी.

"मोडीन की. पण कशासाठी मोडतेय ते आधी कळू दे."

मग ओव्हरकोट चढवून त्या स्वयंपाकघरात बॉयलरसमोर बसल्या. नव्या सुनेवर सासूने ठेवावी तशी नजर. मी दोनदा चहा नेऊन दिला, दोन्ही वेळा गार झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेदातला परत बोलावलं.

"बाळा, आंघोळीचं पाणी न थांबता गरम येतं. बोर्ड गेलाय तर आंघोळीपुरता परत येतो का?"

वेदातने मान खाजवली. "होतं तसं कधी कधी, मावशी."

"कधी कधी नाही, दर वेळी. आता या दोन नळ्यांना हात लाव. ही घरात जाणारी, ही परत येणारी. परतीची जरा तरी गार हवी, पण दोन्ही सारख्याच पोळतात. मग पाणी फिरलं कुठे?"

वेदातने हात लावला आणि विचारलं, "मावशी, खोल्या तापवणारे रेडिएटर किती चालू आहेत?"

"छोट्या खोलीतला. एक."

त्याने कपाळाला हात लावला. "अहो, हा अख्ख्या घराचा बॉयलर. पाण्याला फिरायला जागाच नाही. जागच्या जागी उकळतं, म्हणून हा विझतो. बोर्ड राहू दे, खोल्या उघडा."

घ्या! आम्ही सगळ्याच बायका हिवाळा एका खोलीत काढतो, बाकीच्या बंद करून गॅस वाचवतो आणि वर चहाला बसून त्याचा तोरा मिरवतो. ताईंनी यंदा बैठकीतलाही बंद केला होता.

वेदात बॉयलरची जाळी साफ करून, येण्याजाण्यापुरते पैसे घेऊन, मान खाली घालून गेला. "म्हणजे वाचलेलं सगळं गॅसात जाणार," मी म्हटलं. ताई उठल्या. त्यांनी तुर्गायच्या खोलीच्या दाराखालची चादरीची गुंडाळी काढली आणि पक्कड घेऊन तिथल्या रेडिएटरचा गंजलेला कॉक फिरवला. संध्याकाळपर्यंत घर उबदार झालं, बॉयलर एकदाही विझला नाही. मग त्या कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला सांगून आल्या, खोली द्यायचीय, शिकणाऱ्या मुलीला. आठवड्याच्या आत दूरच्या कार्स गावची एक पोरगी बॅग घेऊन दारात उभी राहिली. तिच्या भाड्यात गॅस भागतो.

रविवारी तुर्गायचा फोन आला. मी तिथेच होते. "आई, तुझं तिकीट काढू का?"

"नको. घर गरम झालंय. तुझी खोली भाड्याने दिली."

"त्यात माझं कपाट आहे, आई."

"रिकामं करून दिलं. ईदला आलास की बैठकीत दिवाणावर झोप."

फोन ठेवला आणि ताई रडल्या, चांगल्या हुंदके देऊन. मी पाठीवर हात ठेवला. मग नाक पुसून म्हणाल्या, "तो वर्षातून चार दिवस येतो गं. थंडी पाच महिने असते."