गाडी बदलायला उतरलेलं शहर

भुसावळच्या फलाटावर ट्रंकेवर बसलेल्या एक ताई नवऱ्यावर डाफरत होत्या. खंडव्याकडे जाणारी त्यांची गाडी दोन तास उशिरा होती. "या गावात दोन तास करायचं तरी काय?"

मी इथलाच, त्यामुळे चिडलो. पण चहावाल्या विमलमावशी हसल्या. "ताई, माझे सासरेही इथं गाडी बदलायलाच उतरले होते."

माझा राग तिथंच विरघळला. खरंच की! पूर्वी इथं लहानसं खेडं होतं. मग रूळ आले आणि इथंच त्यांना दोन फाटे फुटले, एक नागपूरकडे, एक खंडव्याकडे. इंजिनाला पाणी लागायचं, म्हणून गाड्या थांबू लागल्या. पाणी भरणाऱ्याला भाकरी लागायची, म्हणून कुणीतरी चूल मांडली. चुलीभोवती पोरं वाढली, त्यांना शाळा हवी झाली. कुणी तमिळ बोलत उतरला, कुणी गुजराती, आणि त्यांची नातवंडं आज बाजारात भरताच्या वांग्यांसाठी अस्सल खानदेशी ठसक्यात हुज्जत घालतात. इथं ना कुणा राजाची गादी होती, ना किल्ला. नुसत्या थांबलेल्या माणसांनी एवढं शहर उभं केलं! पुलावरून बघा, रुळांच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर घरंच घरं.

तेवढ्यात घोषणा झाली, गाडीला आणखी एक तास उशीर. सगळा फलाट चडफडला. विमलमावशींनी मात्र स्टोव्ह मोठा केला आणि ताईंच्या हातात कप दिला.

"सांभाळा हं ताई. याहून कमी वेळ थांबलेली माणसं इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलीत."