शिरूर कासारला कॉफीची चव शोधताना

बीड जिल्ह्यात कॉफीचं एकही झाड नाही. तरी दसरा झाल्या झाल्या मी कॉफीसाठीच तिकडे गेले. घरी सांगितलं तेव्हा आईनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि डब्यात दोन दशम्या जास्तीच्या घातल्या.

पुण्यात माझी कॉफी भाजायची लहानशी भट्टी आहे. मागच्या हंगामात चिकमंगळूरच्या एका मळ्यातून आलेल्या पोत्यांची चव काही वेगळीच होती. आधी गुळाचा गोडवा, मागून तापलेल्या मातीचा आणि सुक्या गवताचा गंध. एका हॉटेलला ती इतकी आवडली की त्यांनी वर्षभराची ऑर्डर दिली, आणि माझी निम्मी भट्टी त्यावरच चालायला लागली. मीही हौसेनं पाकिटावर 'सह्याद्रीच्या मातीचा गंध' असं छापून घेतलं. आता हॉटेलवाले म्हणत होते, पुढच्या वर्षी हीच चव येणार असेल तर बोला. मळ्याच्या मालकांना फोन केला तर म्हणाले, माल मिळेल, पण वाळवणीवरचं मागचं जोडपं यंदा येणार नाही. मी धसकलेच.

धसकायला कारण होतं. कॉफीची चव कुठून येते म्हणाल तर उंची, सावली, माती, पाऊस हे सगळं खरंच. पण फळ तोडल्यावर अर्धा खेळ बाकी असतो. बी धुऊन वाळवली तर चव स्वच्छ आणि आंबटसर. अख्खं फळ वाळवलं तर फळांसारखी. साल काढून चिकट गर तसाच ठेवला तर गोड, पण चिकट बी आसपासचा वास पटकन धरते. माझी पोती याच तिसऱ्या तऱ्हेची होती. त्याच मळ्यातली, त्याच झाडांची, दुसऱ्यांनी वाळवलेली पोतीही माझ्याकडे आली होती. त्यांना तो गंध नव्हता. म्हणजे जे काही होतं ते त्या जोडप्याच्या हातात होतं. मालकांकडचा त्यांचा नंबर लागत नव्हता. हाती होतं ते गावाचं नाव आणि दोन माणसांची नावं, कौसाबाई आणि रामकिसन.

पुण्याहून सकाळची एसटी धरली, नगरमार्गे पाथर्डी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो. पाथर्डीहून शिरूर कासारला दुसरी गाडी. ही वेळेवर येईल या भरवशावर राहू नका, मी सव्वा तास उभी होते. तेवढ्या वेळात हॉटेलच्या मॅनेजरचे दोन मेसेज आले आणि मी दोन्ही न उघडता बघितले. स्टँडसमोर बाजरीची भाकरी, पिठलं आणि ठेचा मिळाला. जेवण झकास होतं, पण मी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.

शिरूरहून पुढे काळी-पिवळी जीप. शेजारच्या आजींनी चौकशी सुरू केली.

"कुणाकडं चाललाव?"

"रामकिसनभाऊंकडे. ते कर्नाटकात कॉफीच्या मळ्यात होते ना, ते."

"आसं आसं. जा लवकर. परवा ऊसतोडीची गाडी हाय गावातून. एकदा का गेले की मंग चार-पाच महिनं कोणी घावत न्हाई."

गाडी परवाच आहे हे मला माहीतच नव्हतं. उरलेले आठ किलोमीटर मी जीपच्या दांड्याला घट्ट धरून काढले.

घर सापडलं. पत्र्याचं, पुढे मोठं अंगण. अंगण नुकतंच सारवलेलं आणि त्यावर बाजरी पसरलेली. मी चप्पल काढून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकले. ऊन खाऊन सुकलेलं शेण, माती, वर धान्य. माझ्या पाकिटावरचा सह्याद्रीचा गंध तो हाच. मला हसू यायला हवं होतं, पण हॉटेलवाल्यांना हे कसं सांगायचं हेच आधी मनात आलं.

कौसाबाई चाळिशीच्या, हात सतत कामात. मी कॉफीचं नाव काढताच त्यांचा चेहरा उतरला.

"आमी काय बी वंगाळ केलं न्हाई, ताई," त्या म्हणाल्या. "मळ्यावरली फरशी फुटली व्हती. भेगात दाणे जायचे. म्या गोठ्यातलं शेण आणून सारवून घेतलं. धान काय उघड्या भुईवर टाकावं का? आपल्याकडं खळं सारवल्याबिगर कोणी दाणा टाकतं का?"

"मालकांना सांगितलं होतं?"

"त्यात काय सांगायचं? सकाळी लौकर उठून सारवायचे, ऊन चढस्तोवर वाळून जायचं."

रामकिसनभाऊ बाजेवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "आमी बेळगावकडं ऊस तोडाय गेलतो. तिथल्या एका ट्रकवाल्यानं मळ्यात लावून दिलं. बरं काम व्हतं. एका जागी ऱ्हायाचं, पोरीची शाळा बी झाली. मंग पुण्याच्या कुण्या बाईनं मालकाकडं तक्रार केली, मालाला वास येतो म्हणून. झालं, यंदा आमाला बोलावलंच न्हाई."

मला तो मेसेज आठवला. फेब्रुवारीत कच्च्या बियांचा नमुना आला तेव्हा पोत्यात नाक घालून मीच लिहिला होता. 'मातकट वास येतोय. जमिनीवर वाळवलं का? वाळवणीच्या यार्डावर लक्ष द्या.' दोन ओळी. पुढे भाजल्यावर तीच चव मी डोक्यावर घेऊन नाचले, पण मालकांना ते कळवायचं मला सुचलंही नाही. इथे गप्प बसता आलं असतं. मनात आलंही तसं.

"ती बाई मीच," मी म्हणाले.

कौसाबाईंचा बाजरीतला हात थांबला. रामकिसनभाऊ बाजेवरून उठून उभे राहिले. "मंग आता कावून आलाव?"

तुमची चव हवी म्हणून, हे उत्तर मला तोंडातून काढवेना. खूप लाज वाटली. मालकांशी बोलते, एवढंच म्हणाले. ऊसतोडीच्या मुकादमाला त्यांनी अजून शब्द दिला नव्हता, उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. घरात रेंज नाही म्हणून रामकिसनभाऊंनी मला मोटरसायकलवरून माळावर नेलं. मालकांनी ऐकून घेतलं आणि 'उद्या सांगतो' म्हणून फोन ठेवला. भाऊंचा नवा नंबर घेऊन आणि त्यांना उद्या दुपारी माळावर थांबायला सांगून मी मुक्कामाला बीडला गेले. स्टँडजवळ साधं लॉज आहे, खोली स्वच्छ, पंखा आवाज करतो.

सकाळी नुसतं बसवेना म्हणून रिक्षा ठरवून कपिलधारला निघाले. मांजरसुंब्याच्या बाजूला, डोंगरात, मंदिर आणि धबधबा. रिक्षावाला म्हणाला, खाली दरीत रेंज जाते. मग मी वरच थांबले. कपिलधारला जाऊन धबधब्याचा नुसता आवाज ऐकणारी मी पहिलीच असेन. तुम्ही जाल तेव्हा खाली उतरा, पाऊस संपल्यानंतरच्या दिवसांत चांगलं पाणी असतं. वर सीताफळं विकायला बसलेल्या मावशींनी एक फोडून हातात दिलं. "मुरमाडावरचं हाय, बागायती न्हाई. म्हणून गोड." एरवी मी या एका वाक्यावर अख्खी पोस्ट लिहिली असती. त्या दिवशी फोनकडे बघत बिया थुंकत राहिले.

फोन आला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. मालक शांतपणे बोलले. माणसं कष्टाळू आहेत, परत बोलवायला त्यांची हरकत नव्हती. पण आता त्यांनी उंच जाळ्या बसवल्या होत्या, सगळी वाळवणी त्यावरच होणार.

"एक कोपरा सारवून माझ्यापुरती वाळवली तर?" मी विचारलं.

"मॅडम, माझा बाकीचा माल परदेशी जातो. शेणाचा वास आहे म्हणून एक गोष्ट पसरली तर मी संपलो. त्यांना मी बोलावतो, पण शेण लावणार नाहीत याची हमी तुम्ही घ्या. तो वास हवा असेल तर दुसरा मळा बघा."

मी हॉटेलचा हिशेब मनात करून पाहिला. दुसरा मळा, दुसरी माणसं, कुठेतरी सारवलेलं अंगण, जमलंही असतं कदाचित. पण मुकादमाला शब्द द्यायची संध्याकाळ त्यांची जवळ येत होती, माझी नाही. "नाही लावणार," मी म्हणाले. "माझी हमी. त्यांना आजच फोन करा." मग मी स्वतः रामकिसनभाऊंना फोन करून ते दोनदा सांगितलं. ते "बरं" म्हणाले. मुकादमाला त्यांनी संध्याकाळी नकार दिला.

घरी येऊन आता चार महिने झाले. हॉटेलला खरं काय ते कळवलं, ऑर्डर गेली. भट्टी आठवड्यातून तीन दिवस पेटते, आणि पुढच्या वर्षीचं दुकानाचं भाडं कसं द्यायचं या विचारानं पहाटे जाग येते. पाकिटं नवीन छापलीत, त्यांवर मातीचा उल्लेख नाही. परवा कौसाबाईंनी वाळवलेल्या कॉफीचा पहिला नमुना आला. दाणा एकसारखा, वास स्वच्छ, चव संत्र्याच्या सालीसारखी. बोट ठेवायला जागा नाही, आणि मला ती अजिबात आवडली नाही.

त्याच संध्याकाळी मळ्यावरून कौसाबाईंचा फोन आला.

"ताई, नीट वाळली का? वास तर न्हाई ना येत?"

"नाही येत," मी म्हणाले. "जरासुद्धा नाही."

"देवा," त्या म्हणाल्या, आणि किती हलक्या होऊन हसल्या. पलीकडे रामकिसनभाऊंना ओरडून सांगताना मला ऐकू आलं, "आवो, न्हाई म्हणत्यात. वास न्हाई."