मागून न मारलेली हाक

करावेच्या जेटीवर जवळा वाळत घातला की त्याच्या वासाबरोबर मला ती सकाळ आठवते. खाडीतल्या एका बोटीतलं डिझेल चोरीला गेलं होतं. बाबांची होडी शेजारीच बांधलेली, म्हणून पोलीस त्यांना चौकशीला न्यायला आले. मी तेव्हा चौथीत होते.

आत्याने मला कुशीत ओढलं. "चौकशी म्हनजे गुन्हा नाय, बाय. पोलिसांना अजून कायच म्हायती नाय, म्हनून ते इचारतात. आपला बाबा कसा हाय, आपल्याला ठाव हाय ना?"

पोलिसांबरोबर जाताना गल्लीच्या वळणावर बाबा थांबले आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. आमच्यात होडीवर निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, अपशकुन होतो. बाबांनीच शिकवलेलं. ते सुखरूप परत यावेत म्हणून मी तोंडावर हात दाबून उभी राहिले.

संध्याकाळी ते सुटून आले. चोर दुसराच निघाला. घरात तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांना पाणी पाजत होते, तेव्हा ते एकदम म्हणाले, "त्या दिशी कोनीच हाक नाय मारली. मना वाटला, तुमाला पन खरा वाटला."

इतकी वर्षं हा माणूस आमच्याच घरात संशयित म्हणून जेवत होता.