बिनआवाजाचे नऊ बॉल

शकुन-अपशकुन असल्या गोष्टींची सगळ्यात जास्त टर उडवणारा माणूस मीच. डिस्काउंट मिळत होता म्हणून भर पितृपक्षात गाडी घेतली होती मी. तरीही हे लिहितोय... कारण घरात कुणाला सांगता आलेलं नाही.

मी राहात्याचा. शिर्डीतल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर असतो. पण पंधरा वर्षं मानधनावर बुलपेन कॅचर होतो. म्हणजे बेसबॉलमध्ये बॉल टाकणारा पिचर मैदानात उतरण्याआधी कडेला बसून त्याचे बॉल झेलायचे, त्याचा हात मोकळा करून द्यायचा. मॅचमध्ये मी स्वतः एकदाही उतरलेलो नाही.

या कामात आवाज महत्त्वाचा. बॉल ग्लोव्हच्या नेमक्या खळग्यात घेतला की फाट्कन वाजतो आणि पिचरला हुरूप येतो. नवशिक्याचा बॉलसुद्धा मी वाजवून घ्यायचो — त्याचा मला माज होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजच्या मैदानावर राज्याच्या टीमची निवड होती, दुपारचे तीन वाजले होते. अश्विनी आमची पिचर, गवंड्याची मुलगी. राज्याकडून खेळली तर स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीचा अर्ज करता येणार होता, आणि वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटचीच संधी होती.

तिच्या आधीच्या मुलीचे बॉल नेहमीसारखे वाजले. मग अश्विनीचा पहिला बॉल आला. तळहाताला झिणझिण्या आल्या... पण आवाज नाही. रस्त्यावरून चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी मला स्पष्ट ऐकू येत होती. बॉल बदलला, बसायची जागा बदलली. असे नऊ बॉल झेलले, एकही वाजला नाही.

शेवटी मी तिलाच विचारलं, आवाज कसा येतोय म्हणून.

"लई भारी येतोय दादा," ती म्हणाली. "आज हात एकदम मोकळा हाय."

आमची एक पद्धत होती. पिचर तयार आहे का, हे आमचे कोचसर तिला कधीच विचारायचे नाहीत, माझ्याकडे बघायचे. मी ग्लोव्ह डोक्यावर धरला की तयार. त्या दिवशीही सरांनी बघितलं. मी काय सांगणार होतो — मला बॉल ऐकू येत नाही म्हणून तिला बसवा? तिची सगळी मेहनत डोळ्यांसमोर होती. खरं सांगायचं तर, हसं होईल याचीही भीती वाटली. मी ग्लोव्ह वर केला.

मैदानात चौथ्याच बॉलला अश्विनी कोपर धरून खाली बसली. आतला लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन झालं, पण तो हात पुन्हा बॉल टाकण्याजोगा झाला नाही.

मी कान तपासून घेतले, रिपोर्ट नॉर्मल. तोच ग्लोव्ह दुसऱ्या दिवशी व्यवस्थित वाजला. मित्र म्हणतो, तिच्या हाताची काहीतरी गडबड तुझ्या नजरेने आधीच टिपली असेल. असेलही. पण मग आवाज कसा काय गेला? आणि फक्त तिच्याच बॉलचा? मला अजून कळलेलं नाही.

अश्विनी आता एका शाळेत मुलींना खेळ शिकवते. अधूनमधून बाजारात भेटते, चहा घेतो आम्ही. माझ्यावर तिचा जराही राग नाही, त्याचाच त्रास होतो. दर वेळी ती एकच गोष्ट काढते.

"दादा, त्या दिवशी माझा बॉल कसला वाजत हुता ना?"

"व्हय," मी म्हणतो. "लई वाजत हुता."