दादाच्या कबरीभोवती

वीस वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलियातल्या एका लहान गावात माझा मोठा भाऊ अपघातात गेला. नाना, म्हणजे माझे वडील, आणि मी टोरांटोहून तिथे पोचलो, त्याच्या आदल्या दिवशी त्याला पुरलं होतं.

आज टोरांटोजवळच्या मिल्टन गावातल्या माझ्या घरी सर्दीसाठी वाफ घेताना पाण्यात निलगिरीचं तेल टाकलं आणि ती दफनभूमी समोर आली. निलगिरीची झाडं, पायाखाली चुरणारी वाळकी पानं, पलीकडे गव्हाची उंच कोठारं. तोंडावर माश्या बसत होत्या. नानांच्या अंगात अजून कॅनडातला जाड स्वेटर होता.

पुरायला संमती दिली होती सिडनीच्या शेखरने, माझ्या चुलतभावाने.

"आम्ही निघालोय, हे सांगितलं होतं ना तुला?" नानांनी विचारलं.

"काका, क्रेमेटोरियम फार लांब होतं. आणि मला सुटी एकच दिवस मिळाली."

"तुला सुटी नाही, म्हणून माझा मुलगा मातीत?"

तेव्हा मला शेखरची कीव आली होती. आज येत नाही.

नानांनी हातातल्या पाण्याच्या बाटलीला किल्लीने भोक पाडलं. चितेभोवती मडकं घेऊन फिरतात तसे, पाण्याची धार सोडत ते कबरीभोवती तीनदा फिरले आणि बाटली त्यांनी खांद्यावरून मागे टाकली.

शेखर ती उचलायला वाकला.

"हात लावू नकोस," नाना म्हणाले.

आम्ही निघालो तेव्हा बाटली तिथेच होती.